काजव्याची तीट

"खेळात तुम्ही खरंच काही बदललं नव्हतं?" डॉक्टर नाझनीन मुकादम यांनी पुन्हा विचारलं.

"एक अक्षर नाही," शर्मिष्ठा मयेकर म्हणाली. "दादाच्या हातची संगणक-संहिता जशीच्या तशी काढली आणि लोकांपुढे ठेवली. तरी लोक म्हणतात, वाट लावलीत."

स्मृतिशास्त्र प्रयोगशाळेच्या त्या गार खोलीत तिच्या डोक्यावर एक जाळीदार टोपी चढवलेली होती, आणि टोपीतून निघालेल्या तारा समोरच्या स्मृतिवाचकात शिरल्या होत्या. माणूस एखादी गोष्ट आठवत असताना मेंदूत जे काही चालतं, त्याचं चित्र आणि आवाज हे यंत्र पडद्यावर उमटवतं. खिडकीबाहेर रत्नागिरीची खाडी होती, पण शर्मिष्ठाचं तिकडे लक्ष नव्हतं. तिला आपल्या खेळशाळेचं नाव वाचवायचं होतं, आणि त्यासाठी तिचे सगळे उपाय करून झाले होते. तोच खेळ लोकांना वेगळा का वाटतो, हे शोधायला ती आता इथे आली होती.

फोनवर, संगणकावर खेळायचे खेळ बनवणारी काजवा खेळशाळा तिनं आणि तिच्या थोरल्या भावानं मिळून काढली. हेरंब खेळ रचायचा, शर्मिष्ठा बाकी सगळं बघायची. त्यांचा 'खाडीपलीकडे' आला आणि एक अख्खी पिढी त्यावर वाढली. खेळ तरी केवढासा! संध्याकाळची वेळ, एक होडी, ती चालवणारा तांडेल, आणि खेळणारा म्हणजे त्याचा हाताखालचा पोरगा. उतारू बसतो, अर्धी गोष्ट सांगतो, पलीकडचा धक्का येईपर्यंत ती पुरी होते. धक्क्यावर पोराने खुंटाला दोर टाकायचा, की झाली फेरी. तांडेलाचा आवाज हेरंबचाच होता. नट आणायला पैसे कुठे होते तेव्हा?

मग हेरंब गेला. त्यानंतर काजव्यानं काढलेला प्रत्येक खेळ लोकांनी विकत घेतला आणि प्रत्येकावर थुंकले. "दादा गेला आणि काजवा विझला," हे वाक्य तर इतकं रुळलं, की खेळशाळेनं पाडव्याच्या शुभेच्छा दिल्या तरी त्याखाली कुणीतरी ते लिहायचंच. वितरक कंपनीनं आता सांगून टाकलं होतं, की वर्षभरात पत सावरली नाही तर काजवा हे नाव बंद, माणसं दुसऱ्या खेळशाळेत. शर्मिष्ठाला माणसांची चिंता नव्हती, ती कुठेही पोट भरतील. पण दादाचं असं जे काही या जगात उरलं होतं, ते त्या नावातच उरलं होतं. म्हणून तिनं शेवटचा पत्ता टाकला, मूळ खेळ पुन्हा आणला. आणि लोक म्हणाले, पाण्याचा रंग बदलला, कंदील फिका केला, दोरसुद्धा नीट पडत नाही, दादा असता तर त्यानं तुम्हाला उभं केलं नसतं.

"ते खोटं बोलत नाहीत, ताई," नाझनीन म्हणाली. लहानपणी दापोलीत आईच्या फोनवर ती तो खेळ पारायणं केल्यासारखी खेळली होती, त्यामुळे हे काम तिनं नुसतं विज्ञान म्हणून घेतलं नव्हतं. "तुम्हाला वाटतं आठवण म्हणजे डब्यात ठेवलेला दागिना, काढला, पाहिला, परत ठेवला. तसं नसतं. आठवण काढली की ती कणकेसारखी मऊ होते, आणि परत ठेवताना तिच्यावर आजच्या बोटांचे ठसे उमटतात. हे लोक वीस-पंचवीस वर्षं तो खेळ आठवताहेत. दरवेळी पाणी थोडं जास्त हिरवं झालं, कंदील थोडा जास्त पिवळा. त्यांच्या डोक्यातला खेळ तुमच्या दादांनी केलाच नव्हता. तो त्यांनीच केलाय."

"मग त्यांना राग का यावा?"

"कारण मेंदू दाद देतो ती फक्त तफावतीला. काय मिळेल असं वाटलं होतं आणि काय मिळालं, यांची वजाबाकी. जास्त मिळालं तर आनंद, कमी मिळालं तर राग. आणि जे आठवतंय ते समोर नाहीच, तर ओढ. तफावत नसेल तर मेंदू काहीच बोलत नाही. तुमच्या हातातली बांगडी आत्ता तुम्हाला जाणवत होती का?"

"नाही."

"मी म्हटल्यावर जाणवली. इतकंच आहे सगळं."

शर्मिष्ठानं बांगडी मागे सारली. तिच्या डोक्यात भलतंच काहीतरी शिजायला लागलं होतं.

"हे यंत्र आठवण वाचतं ना? मग सगळ्यांच्या आठवणी वाचू, आणि त्या आठवणींसारखाच खेळ बांधू. हवी तीच वस्तू हातात दिली, तर कोण शिव्या देईल?"

नाझनीननं टोपीची एक तार सरळ केली. "करता येईल," ती म्हणाली. "करावं का, ते मला ठाऊक नाही."

"मला ठाऊक आहे," शर्मिष्ठा म्हणाली. बुडत्या माणसाला पोहण्याच्या पद्धतीवर चर्चा करायला सवड नसते, त्यातलाच तो प्रकार.

या कामाला त्यांनी स्मरणबांधणी असं नाव दिलं. टोपी चढवून घ्यायला माणसं बोलावली, तर सगळ्यात आधी आले ते सगळ्यात जास्त शिव्या देणारेच. टोपीखाली डोळे मिटून ते जुना खेळ आठवायचे आणि त्यांचे चेहरे बघवत नसत, इतके मऊ व्हायचे. एक जाडजूड वकील तर हमसून रडला, आणि जाताना शर्मिष्ठाला म्हणाला, "तुमच्यावर माझा अजूनही राग आहे, हं." यंत्र सगळ्यांच्या आठवणी एकावर एक ठेवून जुळणारा भाग काढत होतं. तांडेलाच्या आवाजासाठी मात्र शर्मिष्ठाचीच आठवण घेतली, कारण तो आवाज तिच्याइतका जवळून कुणीच ऐकलेला नव्हता.

तो आवाज तर तिचा रोजचा होता. खेळशाळेतला तिचा संगणक सकाळी सुरू झाला, की जुन्या खेळातलं पहिलं वाक्य वाजे, "चल, निघायचं?" ती सोय तिनंच करून ठेवली होती. त्या वाक्यापुढे खेळात ती कधी गेली नाही, तिच्यानं जाववतच नसे. पण ते वाक्य ऐकलं की घशाशी आवंढा येई, दादा गेल्यापासून एकही सकाळ त्याशिवाय गेलेली नव्हती. त्या आवंढ्यावर ती दिवस काढत होती म्हणा ना. तो आला की वाटे, आपला भाऊ आपल्यात अजून कुठेतरी आहे.

खेळ तयार होत आला तेव्हा आदेश तोडणकर तिच्याकडे आला. आदेश काजव्याचा मुख्य संहिताकार, हेरंबनं स्वतः घडवलेला, आणि तोंडानं फटकळ.

"ताई, एका ठिकाणी अडलंय. मूळ खेळात दोर पहिल्या फेकीला खुंटाच्या आरपार जातो. दुसऱ्या फेकीला बसतो. आठवणीत मात्र तो पहिल्याच फेकीला बसतो. एकाच्याही आठवणीत चुकत नाही."

"माझ्या?"

"तुमच्यासुद्धा."

तो आरपार जाणारा दोर म्हणजे तीट होती. बाहेर निघालेल्या पोराच्या गालावर आई काजळाची तीट लावते ना, दृष्ट लागू नये म्हणून, तशी हेरंब प्रत्येक खेळाला लावायचा. सगळा खेळ घासूनपुसून लखलखीत झाला, की शेवटच्या दिवशी तो दार लावून बसायचा आणि एक चूक मुद्दाम आत ठेवायचा. 'खाडीपलीकडे'मध्ये दोर चुकायचा, आणि चुकला की तांडेल म्हणायचा, "राहू दे. परत टाक." शर्मिष्ठाला हे ठाऊक होतं, कुणी विचारलं तर तिनं सांगितलंही असतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि आठवणं वेगळं. दादाची चूक तिच्या मनानं कधीच पुसून टाकली होती, आणि चुकीबरोबर ते वाक्यही.

"काय ठेवू?" आदेशनं विचारलं. "दादांचं, की लोकांचं?"

"दोर चुकतो म्हणून गेल्या वेळी किती बोलले, वाचलंस ना?"

"वाचलं. पण तीट आहे ती, ताई. दादा तीट लावल्याशिवाय खेळ उंबऱ्याबाहेर सोडत नव्हते."

"दादा होता तेव्हा लोक आपल्यावर जीव टाकत होते. दृष्टीची भीती तेव्हा." तिचा आवाज चढला. "आता कोण लावणार आहे दृष्ट आपल्याला? आठवणीतलं ठेव."

आदेशनं मान हलवली आणि गेला. तीट न लावता काजव्याबाहेर पडलेला दादाचा तो पहिला खेळ.

दिवाळीच्या तोंडावर स्मरणबांधणीची आवृत्ती निघाली, आणि काय सांगावं! माणसं वेडी झाली. आपण फसवले जाणार या खात्रीनं त्यांनी खेळ उघडला होता, आणि समोर आलं ते अगदी डोक्यातलं. तेच पाणी, तोच कंदील, तोच आवाज. ज्यांनी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या त्यांनी माफ्या मागितल्या. 'काजवा पेटला' असं कुणीतरी लिहिलं आणि ते सगळीकडे झालं. वितरकांनी पेढे पाठवले. शर्मिष्ठानं एक पेढा हेरंबच्या फोटोपुढे ठेवला आणि तिथेच खाली बसून पोटभर रडली.

त्यानंतर सगळं शांत झालं.

आधी तिला वाटलं, लोक खेळण्यात गुंतलेत. मग आदेशनं आकडे आणून दाखवले. खेळ कुणी उघडतच नव्हतं. बरं, कुणी नावंही ठेवत नव्हतं. चिडून तिनं त्या जाडजूड वकिलाला फोन लावला. "छान झाला होता हो खेळ," तो म्हणाला. आणि जुना खेळ? "तोही चांगला होता," तो म्हणाला, शेजाऱ्याच्या मुलाच्या लग्नाविषयी बोलावं तसं. शर्मिष्ठानं फोन ठेवून दिला. शिव्यांची तिला सवय होती. शिव्या देणाऱ्याला निदान काहीतरी हवं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं संगणक सुरू केला. "चल, निघायचं?" दादा म्हणाला. तिनं चष्मा पुसला, चहाचा घोट घेतला, आणि मग तिच्या लक्षात आलं. आवंढा आला नव्हता. तिनं परत लावलं. चल, निघायचं. परत लावलं. वाक्य नीट ऐकू येत होतं, शब्द कळत होते, आवाज भावाचा आहे हेही कळत होतं. पण आत काही हललं नाही. कालही आला होता का तो? परवा? ती आठवत राहिली आणि तिला ते सांगता येईना.

ती तशीच उठून प्रयोगशाळेत गेली. नाझनीननं टोपी चढवली, हेरंबचा आवाज लावला आणि पडद्याकडे बघत बसली. पडद्यावरची रेघ सपाट होती.

"तूही खेळलीस ना?" शर्मिष्ठानं विचारलं.

"पहिल्याच दिवशी. आता आईच्या फोनवरचा तो खेळ आठवला तर फोनच आठवतो." नाझनीन खाली बघत होती. "चूक माझी आहे, ताई. ओढ म्हणजे तफावत, हे मीच तुम्हाला सांगितलं होतं. आठवणीत आहे आणि समोर नाही, म्हणून माणूस झुरतो. आपण ते जसंच्या तसं समोर आणून ठेवलं. पहिल्या दिवशी आनंद झाला, कारण वाटलं होतं त्याहून जास्त मिळालं. दुसऱ्या दिवसापासून वजाबाकी शून्य. माझ्या डोळ्यांपुढे होतं आणि मला दिसलं नाही, कारण मलाही तो खेळ हवा होता."

"पण दादाचा आवाज मी रोज ऐकत होते. तेव्हा का नाही शून्य झालं?"

"तेव्हा तो आवाज रोज दार उघडायचा आणि आत कुणी नसायचं. आता तुम्ही आत गेलात. खेळ तयार होताना महिनोन्महिने तिथेच होतात. तुम्हाला आठवत होता तसाच भाऊ, तसाच हसणारा, तसाच खाकरणारा. मेंदूच्या लेखी तो सापडला. सापडलेल्या माणसासाठी कोण झुरतं?"

"मला वाईटसुद्धा वाटत नाहीये गं," शर्मिष्ठा म्हणाली. "वाटायला हवं ना? भाऊ होता माझा. माझ्या हातानं मी हे केलं, आणि मला फक्त भीती वाटतेय." नाझनीननं तिचा हात धरला.

परतीच्या वाटेवर मात्र तिला तीट आठवली. म्हणजे आठवली असं नाही, ठाऊक असलेली गोष्ट पुढे आली. ओढ म्हणजे तफावत. आणि दादा दरवेळी खेळ पुरा लखलखीत झाल्यावर काय करायचा? एक फट ठेवायचा. त्याला शास्त्र ठाऊक होतं असं मुळीच नाही, तो आपला आईचं बघून करत होता. पण फट राहायची आणि लोक झुरायचे. ती पळतच खेळशाळेत शिरली.

"आदेश, दोर चुकव. जुन्या खेळातून दादाचं ते वाक्य काढ आणि होतं तिथे बसव. आजच सगळ्यांना पाठव."

आदेशनं तिच्याकडे असं पाहिलं, की जणू हेरंबच दार उघडून आत आलाय. त्या दिवशी त्यानं जेवणही केलं नाही.

तीट लागली, आणि पाठोपाठ काजवा जागा झाला. आधी एक, मग दहा, मग शिव्यांचा नुसता पाऊस. दोर का चुकतो? कुणी सांगितला होता हात लावायला? चांगलं चाललेलं यांना बघवत नाही. शर्मिष्ठा एकेक वाचत होती आणि हसत होती. इतक्या लोकांना पुन्हा काहीतरी हवं झालं होतं. वितरकांचाही फोन आला, काजव्याचं नाव सगळीकडे गाजतंय, हे नाव आता आम्ही कसलं पुसतो. ज्यासाठी एवढा जीव आटवला ते पदरात पडलं, आणि तरी वाचता वाचता तिचं हसू हळूहळू कमी होत गेलं.

लोक लिहीत होते, "दिवाळीतला खेळ परत द्या." त्या वकिलानं लिहिलं होतं, "दिवाळीत जे होतं ते पुन्हा होणे नाही." जुन्या खेळाचं नाव एकाच्याही तोंडी नव्हतं. आणि मग सगळीकडे एकच प्रश्न दिसायला लागला, "राहू दे, परत टाक, हा कुणाचा आवाज घातलाय? किरटा, नाकातला. दादांची नक्कल करायची तर निदान नीट करा. काढून टाका तो माणूस."

तो माणूस हेरंब होता. बाकी सगळ्या खेळातला आवाज शर्मिष्ठाच्या आठवणीतून आलेला, रोज सकाळी ते एक वाक्य खरं ऐकूनही वर्षांनी भारदस्त केलेला. त्या एका वाक्यापुरता तेवढा खरा.

तिनं दार लावलं आणि खेळ सुरू केला. उतारू बसला, त्याची गोष्ट पुरी झाली, धक्का आला. तिनं दोर टाकला. दोर खुंटातून आरपार गेला. "राहू दे. परत टाक," हेरंब म्हणाला, आणि शर्मिष्ठाच्या आत काहीतरी उसळलं. क्षणभर तिला वाटलं, आला, आवंढा परत आला. घशाला हात लावून ती थांबली. पण ते तिथे नव्हतं. ते कपाळात होतं. तिला राग आला होता. चांगला बसणारा दोर चुकला म्हणून, आणि मध्येच हा कोण किरट्या आवाजात बोलतो म्हणून.

नाझनीनला फोन केला तेव्हा तिनं काही लपवलं नाही. "मेंदू आता दिवाळीच्या खेळाशी ताडून बघतोय, ताई. तुमचाही आणि लोकांचाही. ओढ परत आली, पण ती त्या खेळाची. दादा या वजाबाकीत नाहीत. असलेच तर चुकीच्या बाजूला, खटकणारी उणीव म्हणून."

"त्याच्याविषयी मला जे काही वाटतंय, ते एवढंच? हा राग?"

"सध्या एवढंच."

"आणि तो राहील?"

"सवय होईपर्यंत. दोर रोज असाच चुकायला लागला, ते वाक्य रोज असंच यायला लागलं, की तेही शून्य होईल. बांगडीसारखं."

शर्मिष्ठानं फोन ठेवला. ती परत खेळायला बसली. दोर चुकला. "राहू दे. परत टाक." राग आला. परत पहिल्यापासून, पुन्हा धक्का, पुन्हा दोर. या वेळी राग आला, पण मघापेक्षा थोडा कमी. तिनं पुन्हा खेळून पाहिलं आणि तो आणखी उतरला. लहानपणी दादा असाच तिला चिडवायचा आणि चिडून चिडून ती शेवटी चिडेनाशी व्हायची, हे तिला ठाऊक होतं. आठवत मात्र नव्हतं.

तिनं आदेशला आत बोलावलं.

"पुढच्या आवृत्तीत दोर दोनदा चुकू दे," ती म्हणाली. "वाक्यही दोनदा."

आदेश दारातच थांबला. "ताई, लोक फाडून खातील. दादांच्या खेळाचं आपण मातेरं करतोय असं म्हणतील."

"म्हणू देत."

"आणि त्यालाही सरावले तर?"

"तर तीनदा," शर्मिष्ठा म्हणाली, आणि तो आवाज अजून चीड आणतो की नाही हे बघायला तिनं पुन्हा पहिल्यापासून खेळ लावला.